खंड्याचा सदरा आणि वीस जीबीची डिस्क

१२ जानेवारी २००३, पेडणे. संध्याकाळ.

अखेर कार्याला प्रारंभ. इतकी वर्षे नुसते मनात होते.

पोर्तुगीज अमलात आम्ही इथल्या खाजगी मराठी शाळेत शिकलो. गुरुजी प्रत्येक कविता चालीवर म्हणून घेत, आणि चाली त्यांच्या स्वतःच्या. शब्द कुठेतरी छापलेले सापडतील, चाल कुठे सापडणार? गुरुजी गेले. वर्गातले एकेक गेले. उरलो दोघे, मी आणि डिचोलीचा सगुण. शब्द माझ्याकडे, चाली त्याच्याकडे, अशी देवानेच वाटणी केली आहे. (चालीही माझ्याकडे आहेत. पण गळा साथ देत नाही.)

घाई अशासाठी की सगुणच्या घशात गाठ आहे. फेब्रुवारीअखेर ऑपरेशन. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, माणूस वाचेल, आवाज वाचणार नाही. पठ्ठ्या जन्मभर दशावतारात नारद झाला. आवाज नसलेला नारद म्हणजे नुसती शेंडी, असे तो स्वतःच म्हणाला आणि हसला. मला काही हसू आले नाही.

तर त्याचा आवाज संगणकात भरून ठेवायचा. आमच्या मुलाने, विशालने, मस्कतहून सुट्टीवर येताना आणलेला संगणक नाहीतरी खोळ पांघरून बसला होता. वीस जीबीची हार्ड डिस्क. सूनबाई रेश्मा म्हापशाला कॉम्प्युटरवरच काम करते. ती म्हणाली, बाबा, एवढ्यात अख्खा पेडणे तालुका मावेल.

सगुण आणि त्याची सुशीला दुपारच्या बसने आली. चहाला पाव नव्हते म्हणून मी पाववाल्या पोदेराच्या सायकलमागे गेलो. तो पार पलीकडच्या वाड्यावर पोचला होता. पाव घेऊन परत येतो तर रेश्माने माइक चालूच ठेवलेला आणि सगुण माझ्या बायकोशी, देवकीशी गप्पा मारत काहीतरी गुणगुणतो आहे. म्हटले, हे सगळे पुसून टाक, ही नुसती चाचणी. रेश्मा म्हणाली, तुम्हीच पुसा, शिका की.

बरोबर आहे. उद्या पुसायला शिकेन.

१९ जानेवारी

आज खंड्याची कविता. चौथीत होती.

ओढ्याकाठी खंड्या बसला
घालुन सदरा निळा नवा
मासा पुसतो, लग्न कुणाचे?
वऱ्हाड कुठले, सांग जिवा?

इथेच घोटाळा. सदरा नाहीच. अंगरखा आहे. मी लगेच थांबवले. सगुण म्हणाला, शंभू, आंगरखो म्हणटना म्हजो स्वास सुटता, चालीत तो बसना. म्हटले, चालीसाठी कवीला वेठीला धरू नकोस. पुन्हा म्हण. पुन्हा सदरा. पुन्हा थांबवले. माका गावूंक दी मरे, तो म्हणाला. आतून देवकी ओरडली, तुमी मात्शे ओगी रावात! गप्प बसण्याला आमच्याकडे ओगी राहणे म्हणतात. मला तो शब्द पहिल्यापासून आवडत नाही.

भांडण सगळे कोंकणीतून आणि गाणे सगळे मराठीतून. घटक राज्य होऊन पंधरा वर्षे उलटली तरी आमच्या घरात ही व्यवस्था कायम आहे.

खंड्या पुरा झाला नाही. पुढच्या वेळी.

२१ जानेवारी

एकट्याने बसून फायली तपासल्या. जिथे जिथे सगुण चुकला तिथे माझ्या आवाजात दुरुस्ती घालून पुन्हा सेव्ह केल्या. लाल शाई नसलेली वही म्हणजे न तपासलेली वही.

काही दुरुस्त्या दुरुस्त कराव्या लागल्या. पुन्हा सेव्ह.

चाचणीची फाइल तशीच लोळते आहे. पुसायचे बटण सापडले नाही.

२ फेब्रुवारी. सकाळी.

मी देवकीला सांगत होतो, अंगरखाच आहे. तेवढ्यात पाल चुकचुकली. टक टक टक. म्हटले, बघ, सत्य! पाल खोटे बोलत नाही. देवकी म्हणाली, मग पालीलाच गायला बसवा.

थोड्या वेळाने पुन्हा टक टक. रेश्मा कपडे वाळत घालायचे सोडून आली, संगणकाला कान लावला आणि तिचा चेहरा उतरला. बाबा, ही पाल नव्हे, ही डिस्क. बॅड सेक्टर पडायला लागले आहेत. सगुणकाकांचे सगळे आजच्या आज सीडीवर काढूया.

मी नको म्हटले. अजून क्रम लागलेला नाही. प्रस्तावना झालेली नाही. पानात मीठसुद्धा वाढले नसताना पाहुण्याला पाटावर बसवायचे का? रेश्मा म्हणाली, बाबा, पाहुणा उठून चाललाय. आजच्या मुलींना उपमा चांगल्या सुचतात. संयम नाही.

५ फेब्रुवारी

डिचोलीला महेशच्या दुकानात जाऊन आलो. संगणक दुरुस्त करतो. खाणीच्या ट्रकांच्या मागून बसने जायचे म्हणजे निघताना पांढरा शर्ट आणि पोचताना कौलाचा रंग.

महेशने छान समजावले. डिस्क म्हणजे तबकडी. तिच्यावर बारीक बारीक घरे, त्यांना सेक्टर म्हणायचे. प्रत्येक घरात मजकुराच्या शेपटीला ताळ्याचा आकडा असतो. वाचलेले आणि ताळा जुळला नाही तर डिस्क तेच घर पुन्हा पुन्हा वाचून बघते. (आमचे गुरुजी. तेच. पाढा चुकला की पुन्हा पहिल्यापासून.) आणि कारखान्यातून येतानाच काही घरे राखीव ठेवलेली असतात. एखादे घर निकामी झाले की डिस्क ते आपल्या यादीत टिपते, त्याच्या जागी गुपचूप राखीव घर लावते. संगणकाला पत्तासुद्धा लागत नाही.

मी टाळीच वाजवली. हा तर दशावतार! सगुण नेहमी सांगतो तो किस्सा. हरमलच्या जत्रेत कृष्ण फेणी पिऊन आडवा झाला, तेव्हा मालकाने पखवाजवाल्याच्या मेहुण्याला मुकुट चढवून उभा केला. लोकांनी त्याच्या पायांवर डोके ठेवले. किस्सा पुढेही आहे, पण आता आठवत नाही.

म्हणजे डिस्क स्वतःचे स्वतः बघते. महेश पुढे पण म्हणून काहीतरी सांगत होता, तेवढ्यात माझी बस आली.

९ फेब्रुवारी

स्कॅनडिस्क नावाची एक गोष्ट सापडली. ती लावली की पडद्यावर लहान लहान चौकोन मांडले जातात आणि एकेक तपासला जातो. अगदी डोंगरावरून मळा दिसावा तसे. मध्येच एखाद्या चौकोनात बी हे अक्षर येते. तो बॅड. त्यात पुन्हा काही ठेवायचे नाही अशी खूण.

बसलो बघत. काय शांत वाटते. लहानपणी असेच बांधावर बसून बगळे मोजायचो.

दुपारी पुन्हा लावले. संध्याकाळी पुन्हा. दर वेळी थोडे नवीन बी उगवतात. म्हणजे एकेक दोष शोधून बाजूला होतो आहे, डिस्क शुद्ध होत चालली आहे. रेश्मा घरी आली तेव्हा तिला दाखवले. ती कपाळाला हात लावून म्हणाली, बाबा, आजारी माणसाला दिवसातून तीनदा डोंगर चढायला लावून दम मोजताय का? अहो राखीव संपले म्हणूनच ते बाहेर दिसायला लागले.

तिला मळा दिसत नाही. काव्यदृष्टी लागते.

१२ फेब्रुवारी

सुशीलाचा फोन. मास्तर, सीडी जाली? म्हटले, प्रस्तावना चालू आहे. ती म्हणाली, प्रस्तावना तुमची तुमी मागीर वाचा, माका त्याचो आवाज जाय. घर ओगी जातले मास्तर, माका सवय ना. (जाय म्हणजे हवा.)

तिला धीर दिला. काम माझ्या हातात आहे म्हटले. तिने फोन ठेवला.

निश्चय: उद्या सीडी.

१३ फेब्रुवारी

प्रस्तावनेचा पहिला परिच्छेद उत्तम उतरला. 'बालपण हे मनुष्याच्या' इथपर्यंत. सीडी उद्या.

१६ फेब्रुवारी

रेश्मा रोज विचारते. शेवटी म्हटले, देवाला विचारू. घाडी काशिनाथला बोलावून देवळात कौल लावला. देवाच्या दगडी मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

आधी काशिनाथने गाऱ्हाणे घातले. बा देवा म्हाराजा, ह्या शंभू मास्तराच्या पेटयेत जो कोण सेक्टर म्हणतत तो वायट जालो आसा. कोणाची नदर लागली आसात, मस्कतसून येतना दर्यार काय आडवा इला आसात, नायतर मास्तरान खंय तोंड घातला आसात, ता दूर कर. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा! तोंड घातल्याचा उल्लेख अनावश्यक होता. पण गाऱ्हाण्यात दुरुस्ती करता येत नाही.

मग मी प्रश्न घातला: उजवी पडली तर डिस्क बरी आहे, हात लावू नये. डावी पडली तर डिस्क नाजूक आहे, हात लावणे धोक्याचे.

काशिनाथ म्हणाला, मास्तर, दोनूय वाटो तुमच्या घराकच वतत. देवान पाकळी कित्याक घालची?

तरी पडली. उजवी. देवकी वाटेत म्हणाली, देवाने उजवी दिली ती, एकदाचे घरी जा म्हणून.

२३ फेब्रुवारी

सगुणची शेवटची बैठक. बुधवारी ऑपरेशन. आज एक शब्दही मध्ये बोलायचा नाही असा कडक निश्चय करून बसलो. तोंडात लवंग धरली.

सगुण थकला आहे. आवाज घोगरा, पण चाल अजून सरळ उभी राहते. गाय, पाऊस, पतंग, रेल्वे (रेल्वे आम्ही कुणीच पाहिली नव्हती, तरी शिटी हुबेहूब). मी गप्प. मग खंड्या. ओढ्याकाठी खंड्या बसला, घालुन...

लवंग गिळली गेली. ठसका लागला. ठसक्यातून अंगरखा एवढेच बाहेर पडले.

सगुण हसला. हसताना त्याला दुखते. म्हणाला, शंभू, तू मेल्यार तुझ्या चितेर आंगरखो घालतां हांव. मग थोडे पाणी प्याला आणि म्हणाला, आता पुरे.

बस सुटेपर्यंत मी त्याला आश्वासन देत होतो, पुढच्या वेळी पुरी करू. तो मान हलवत होता. बस गेल्यावर लक्षात आले, पुढची वेळ नाही.

प्रस्तावनेत याचा उल्लेख करावा.

२७ फेब्रुवारी

ऑपरेशन नीट झाले. माणूस वाचला. इस्पितळात सुशीलाने त्याच्या हातात पाटी-पेन्सिल दिली आहे. पहिल्या दिवशी त्याने काय लिहिले असेल? 'चहा.'

सुशीला मला व्हरांड्यात घेऊन गेली. म्हणाली, मास्तर, आज तो झोपेत ओठ हलयतालो. आवाज येईना. सीडी हाडा.

उद्या. शपथ.

२८ फेब्रुवारी

फायली उघडत नाहीत. दिवा लुकलुकतो, टक टक, मग खर्रर्र, मग पडदा निळा. स्कॅनडिस्क लावले. पहिल्याच ओळीत अडकले. मळा उगवलाच नाही.

विजेचा दाब कमी असावा.

३ मार्च

दाब नव्हे.

महेशला फोन केला. तो म्हणाला, मास्तर, आता अजिबात चालू करू नका, जितके फिरवाल तितके घासेल. घेऊन या. मी विचारले घरगुती काही उपाय? तो हसत म्हणाला, लोक काय काय करतात मास्तर, कुणी फ्रीजरमध्ये पण घालतात.

हे त्याने आधीच सांगायचे होते. डिस्क काढली (रेश्मा कामावर होती, स्क्रू सोपे आहेत), प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधली आणि फ्रीजरमध्ये ठेवली. तापलेल्या डोक्यावर पाण्याची पट्टी ठेवतात, त्यातलाच प्रकार. आत सुंगटे (कोळंबी) होती. ती एका बाजूला सरकवली.

५ मार्च

दुपारभर वीज नव्हती. संध्याकाळी फ्रीजरमधून पाणी गळायला लागले. पिशवीला गाठ मारलेली होती, पण गाठ मी मारली होती.

देवकीने डिस्क बाहेर काढून पाटावर ठेवली. सुंगटांचा वास. माझ्याकडे न बघता म्हणाली, माणसाचो गळो वाचोवंक जायना म्हण तुमी त्याचो आवाज नुस्त्यांत घातलो. नुस्ते म्हणजे मासळी. मग सुंगटे उचलून मागच्या दारी टाकायला गेली. भांडली असती तर बरे झाले असते.

रेश्माने डिस्क पुसली, टॉवेलात गुंडाळली आणि तांदळाच्या डब्यात ठेवली.  आज घरात सगळे ओगी.

९ मार्च. डिचोली.

रेश्मा आणि मी डिस्क घेऊन महेशकडे. त्याने ती चांगली वाळवून दुसऱ्या संगणकाला जोडली आणि म्हणाला, एकदाच फिरेल, कदाचित. जे येईल ते आपले.

वाट बघताना गेल्या महिन्यातले ते अर्धे राहिलेले 'पण' विचारले. महेश म्हणाला, पण असे, मास्तर, की राखीव घर येते ते कोरे येते. जागा भरते, मजकूर नाही. जुन्या घरातले वाचता आले नाही तर ते गेलेच. आणि राखीव संपले की लपवायलाही काही राहत नाही.

तेव्हा मला सगुणच्या किश्शाचा पुढचा भाग आठवला. त्या मेहुण्याला एकही वाक्य येत नव्हते. मुकुट घालून नुसता गोड हसत उभा राहिला. पहाटेपर्यंत कृष्णाची आणि नारदाची, दोन्ही भाषणे सगुणने एकट्याने म्हटली.

फायली एकेक आल्या. बहुतेक तुटक्या. गाय येते, हंबरायच्या आधी जाते. पतंग वर चढतच नाही. आणि जे तुकडे शाबूत आले त्यांत कोण बोलतो आहे? थांब सगुण. नाही नाही, पुन्हा. सगुण, तसे नाही ते. थांब. अंगरखा. थांब.

महेशने विचारले, हो आवाज कोणाचो? रेश्मा पंख्याकडे बघायला लागली.

म्हटले, संपादकाचा.

मग एक फाइल पुरी आली. चाचणी. महेश म्हणाला, ही पहिलीच, चांगल्या जागेवर पडलेली, हिला कुणी हात लावलेला नाही. बाकीच्या कुणीतरी पुन्हा पुन्हा सेव्ह केल्यात, दर वेळी नव्या जागी गेल्या, तिथे डिस्क खराब होती.

कुणीतरी.

लावली. कपबशीचा आवाज. देवकी म्हणते, भावजी, ते पावाक गेले आसत, तोपर्यंत तुमी शाळेत म्हणत तशी म्हणा. सुशीला म्हणते, म्हण रे. मग सगुण टेबलावर बोटांनी ठेका धरतो, गुरुजी छडीने धरत तसा, आणि खंड्या म्हणतो. पहिल्या कडव्यापासून शेवटच्यापर्यंत. मासा, बेडूक, वऱ्हाड, सगळे. मध्ये कुठेही थांबत नाही. आवाज काय मोकळा. पन्नास वर्षांत मी ही कविता पुरी ऐकलीच नव्हती. शेवटचे कडवे तर मला येतच नाही. (विसरलो होतो. येत होते.)

शेवटी दार वाजते आणि एक माणूस आत येऊन म्हणतो, हं, आता सुरू कर. हे सगळे पुसून टाक.

महेशने पुन्हा लावायचा प्रयत्न केला. टक. मग काहीच नाही. पण तोवर कॉपी झाली होती. रेश्माने आधी कॉपी केली होती आणि मग ऐकवली.

३० मार्च. डिचोली.

सगुणच्या घरी गेलो. गळ्याला मऊ फडके बांधले आहे, मांडीवर पाटी. अंगणात काजूचा वास. सीडी रेश्माने तयार करून आधीच पाठवली होती. एकच गाणे. शेवटचा, दार वाजल्यानंतरचा भाग कापलेला. कापायला कुणी सांगितले ते मी विचारले नाही. सुशीलाने आपण होऊन सांगितले, मीच म्हणून.

प्रस्तावना खिशात होती. खिशातच राहिली.

सुशीला दिवसातून किती वेळा लावते, शेजारी कंटाळले आहेत म्हणाली, आणि पुन्हा लावली. सगुण डोळे मिटून बोटांनी पाटीवर ठेका धरत होता. ओढ्याकाठी खंड्या बसला. मी श्वास आत घेतला. तोंड उघडले असेल, अर्धेच.

सगुणने डोळे न उघडता पाटी माझ्याकडे फिरवली. आधीच लिहून ठेवली होती.

'ओगी.'

बसलो ओगी. शेवटच्या कडव्यापर्यंत.

रात्री, घरी: अंगरखाच आहे.